हातचा शेअर आणि विकलेली तेजी

ज्या घरांत चार पैसे शिलकीस पडतात आणि त्यांतून चांगल्या कंपन्यांचे कांहीं शेअर घेऊन ठेवलेले असतात, त्या घरांत बाजारभाव रोज पाहिला जातोच असें नाहीं. वर्षाकांठीं लाभांश यावा, मूळ रक्कम हळूहळू वाढावी आणि मुलांच्या शिक्षणाच्या किंवा स्वतःच्या म्हातारपणाच्या वेळीं ती उपयोगी पडावी, एवढीच तेथें अपेक्षा असते. परंतु बाजार खवळला, एका आठवड्यांत भाव शेंकडा दहांनीं खालीं आणि पुढच्या आठवड्यांत तितकाच वर असा झोका सुरू झाला, म्हणजे हा शांत भागधारकही अस्वस्थ होतो. शेअर विकावे तर पुढची वाढ हातची जाईल ही भीति. ठेवावे तर आणखी उतरतील ही भीति. अशा वेळीं कोणी ना कोणी त्याला सांगतो, "विकूं नका आणि नुसते ठेवूंही नका. त्यांवर तेजी विका. दर महिन्याला भाडें घरीं येईल."

हा सल्ला अगदींच खोटा नाहीं. त्यांतला "भाडें" हा शब्द मात्र तपासून घेण्याजोगा आहे. कारण त्या एका शब्दाच्या भरंवशावर पुष्कळांनीं जें देऊन टाकलें, त्याची किंमत त्यांना मागाहून कळली.

ठराविक मुदतीनंतर ठराविक भावानें माल विकत घेण्याचा हक्क म्हणजे तेजी, आणि तसाच तो विकण्याचा हक्क म्हणजे मंदी. हे शब्द मुंबईच्या बाजाराला नवे नाहींत. कापसाच्या, सोन्याचांदीच्या आणि शेअरांच्या सौद्यांत तेजीमंदी फार दिवसांपासून चालत आली. सट्टा माजतो म्हणून १९३९ सालीं मुंबई सरकारनें कापसाच्या तेजीमंदीवर बंदी घातली. पुढें १९५२ च्या वायदे कायद्यानें मालाच्या, आणि १९५६ च्या रोखे कायद्यानें शेअरांच्या अशा सौद्यांना देशभर मज्जाव झाला. ही दुसरी बंदी जवळजवळ चाळीस वर्षें टिकली. १९९५ सालीं रोखे कायद्यांतील तें कलम रद्द झालें, आणि जुलै २००१ मध्यें निवडक कंपन्यांच्या शेअरांवरील तेजीमंदी "कॉल" व "पुट ऑप्शन" या नांवांनीं, मान्यताप्राप्त बाजाराच्या देखरेखीखालीं परत आली. अमेरिकेंत तिचा संघटित बाजार शिकागो शहरीं २६ एप्रिल १९७३ रोजीं उघडला. आरंभीं तेथें अवघ्या १६ कंपन्यांच्या शेअरांवर आणि तेहि केवळ तेजीचेच सौदे होत. म्हणजे कल्पना जुनी, यंत्र तेवढें नवें.

तेजीचा व्यवहार समजण्यास घराच्या इसाराचें उदाहरण सोयीचें आहे. एखाद्यानें घरमालकाच्या हातीं कांहीं रक्कम ठेवून म्हणावें कीं, महिन्याअखेर अमुक किंमतीस हें घर घेण्याचा हक्क मला द्या. महिन्याभरांत त्या वस्तींतील भाव चढला, तर तो घर घेईल. उतरला, तर दिलेल्या रकमेवर पाणी सोडून निघून जाईल. घरमालक मात्र महिनाभर शब्दानें बांधलेला. भेद इतकाच कीं, घराचा इसार पुढें किंमतींत वळता होतो. तेजीची रक्कम, जिला बाजारांत प्रीमियम म्हणतात, ती कधींच वळती होत नाहीं. सौदा पुरा होवो वा न होवो, ती तेजी विकणाराचीच.

ज्याच्याजवळ शेअर आहेतच, त्यानें तेवढ्याच शेअरांवर तेजी विकली, तर त्या सौद्यास "कव्हर्ड कॉल" म्हणतात. मराठींत हातच्या मालावरची तेजी म्हणावें. हातांत माल नसतां तेजी विकणें हा याहून अगदीं निराळा आणि घातक प्रकार आहे. भाव कितीही चढूं शकतो, म्हणून त्या तोट्याला सीमा नसते. हातीं माल असला म्हणजे ही धास्ती उरत नाहीं. मागणी आली तर शेअर देऊन मोकळें होतां येतें. या सुरक्षितपणामुळेंच हा सौदा गृहस्थाश्रमी माणसाला पटतो.

दादरला राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांची कल्पना करावी. त्यांच्याजवळ एका कंपनीचे ५०० शेअर आहेत आणि बाजारभाव १,००० रुपये आहे. म्हणजे पांच लाखांची पुंजी. दोन वर्षांनीं नातीच्या उच्च शिक्षणासाठीं ती लागावयाची आहे. त्यांनीं एक महिन्याच्या मुदतीची, १,०५० रुपये भावाची तेजी २० रुपयांस विकली. ५०० शेअरांचे दहा हजार रुपये त्याच दिवशीं त्यांच्या नांवें जमा झाले. आतां महिना संपतांना काय काय होऊं शकतें तें पाहूं जातां, चार परी दिसतात.

भाव हजारावरच राहिला, तर तेजी घेणारा परत येत नाहीं. शेअर घरचे घरींच आणि दहा हजार वर. भाव १,०२० झाला, तरी तीच गोष्ट. प्रीमियमचे दहा हजार आणि भाववाढीचे दहा हजार, दोन्ही लाभले. भाव १,२०० झाला, तर मात्र शेअर १,०५० ला द्यावे लागतात. गृहस्थांच्या हातीं शेअरांचे ५,२५,००० आणि प्रीमियमचे १०,००० मिळून ५,३५,००० येतात. कांहींच केलें नसतें तर पुंजी सहा लाखांची झाली असती. पासष्ट हजारांची वाढ दहा हजारांसाठीं गेलेली नाहीं. दहा हजार जमेस धरूनही पासष्ट हजार गेले आहेत. उलट, भाव ८०० वर आला, तर शेअर चार लाखांचे राहतात आणि जवळ दहा हजार असतात. एक लाखाचा तोटा नव्वद हजारांवर आला, इतकेंच.

या आंकड्यांकडे एकत्र पाहिलें म्हणजे सौद्याचें खरें रूप ध्यानांत येतें. वरच्या बाजूस नफ्याला शेअरमागें ७० रुपयांची छत घातली गेली. खालच्या बाजूस मात्र २० रुपयांच्या एका पायरीपलीकडे कांहींच आधार नाहीं. ९८० च्या खालीं जें जाईल तें सारें गृहस्थांचेंच. मिळालेला प्रीमियम हें म्हणूनच भाडें नव्हे. घर भाड्यानें दिलें तरी घराची वाढती किंमत मालकाचीच राहते. येथें ती वाढच विकलेली असते आणि घर कोसळण्याची जोखीम मात्र मालकाकडेच ठेवलेली असते.

शास्त्राच्या दृष्टीनें पाहिलें तर हा सौदा भाड्यापेक्षां विमा उतरविणाऱ्याच्या धंद्याशीं अधिक जुळतो. हातीं शेअर ठेवून तेजी विकणारा आणि तेवढी रोकड जवळ ठेवून त्याच भावाची मंदी विकणारा, या दोघांच्या नफ्यातोट्याचा आंकडा जवळजवळ एकच येतो. मंदी विकणारा म्हणजे दुसऱ्याला "भाव उतरला तर तुझा माल मी ठरल्या भावानें घेईन" असें वचन देणारा. तो उघडच विमेवाला असतो. हप्ता लहान आणि नियमित, नुकसान क्वचित् पण मोठें, हाच त्या धंद्याचा नियम. विमा कंपनीजवळ हजारों ग्राहक असतात. एकाचें घर जळालें तर दुसऱ्या शेंकडों जणांच्या हप्त्यांतून तें भरून निघतें. दादरच्या गृहस्थांजवळ एकच कंपनीचे शेअर आहेत आणि एकच नात आहे.

आतां खवळलेल्या बाजाराकडे वळावें. तेजीची किंमत मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते: चालू भाव व ठरलेला भाव यांतील अंतर, मुदत, आणि त्या मुदतींत भाव किती हेलकावे खाईल याविषयींची बाजाराची समजूत. पहिल्या दोन गोष्टी सर्वांना दिसतात. तिसरी अंदाजाची आहे, आणि तीच प्रीमियम वरखालीं नेते. शांत दिवसांत जी तेजी २० रुपयांस जाते, तीच वादळी दिवसांत ४५ रुपयांस जाऊं शकते. मग दहा हजारांच्या जागीं साडेबावीस हजार दिसूं लागतात, छत १,०७० वरून १,०९५ वर जाते आणि तोट्याची रेषा ९८० वरून ९५५ वर उतरते. "अस्थिर बाजारांत तेजी विकावी" या उपदेशाचा उगम हाच.

परंतु ४५ रुपये कोणी औदार्यानें देत नाहीं. बाजाराला मोठे धक्के अपेक्षित असतात म्हणूनच तो इतकें मोल देतो. हिंदुस्थानांत निफ्टी निर्देशांकावरील ऑप्शनच्या किंमतींवरून काढलेला अस्थिरतेचा एक आंकडा असतो. त्यास इंडिया व्हिक्स म्हणतात. २०२० च्या आरंभीं तो वीसच्या खालीं होता. मार्च २०२० मध्यें, महामारीच्या धास्तीनें, तो ऐंशीच्या वर गेला. तेजीचे प्रीमियम त्या वेळीं डोळे दिपविणारे होते. पण त्याच महिन्यांत, २३ मार्च रोजीं, मुंबईचा सेन्सेक्स एका दिवसांत शेंकडा १३ नीं कोसळला, आणि ७ एप्रिल रोजीं एका दिवसांत शेंकडा जवळजवळ ९ नीं चढला. प्रीमियम मोठा होता तो या दोन दिवसांचाच मोबदला होता.

अस्थिरता म्हणजे केवळ घसरण, ही समजूतही चुकीची आहे. मे २००९ मध्यें लोकसभेच्या निवडणुकीचे निकाल शनिवारीं, १६ तारखेस लागले. निकाल काय लागेल या चिंतेनें आधींच्या आठवड्यांत प्रीमियम चांगले होते. सोमवारीं, १८ मे रोजीं, बाजार उघडतांच भाव इतके उसळले कीं व्यवहार थांबवावे लागले. त्या एका दिवसांत सेन्सेक्स २,१०० हून अधिक अंशांनीं, म्हणजे शेंकडा १७ हून अधिक, वर गेला. ज्यांनीं हातच्या शेअरांवर तेजी विकली होती, त्यांचें दिवाळें निघालें नाहीं. त्यांना ठरला भाव मिळावयाचा होता. पण आदल्या वर्षाची मोठी मंदी ज्यांनीं धीरानें सोसली, त्यांतील कित्येकांना भरपाईचा दिवस उगवला तेव्हां तो दुसऱ्याला विकलेला आढळला असेल.

याहून सूक्ष्म असें एक नुकसान आहे, आणि घरगुती भागधारकाला तेंच बहुधा गांठतें. दादरच्या गृहस्थांचा शेअर ८०० वर आला. पहिल्या तेजीचे २० रुपये मिळाले, पण पुंजींतून २०० गेले. आतां १,०५० ची तेजी कोणी चार आण्यांसही घेत नाहीं. दर महिन्याच्या रकमेची संवय तर लागलेली. म्हणून त्यांनीं ८५० भावाची तेजी ३५ रुपयांस विकली. पुढच्या महिन्यांत बाजार सावरला आणि शेअर परत बरोबर १,००० वर आला. त्यांना शेअर ८५० ला द्यावे लागले. ८५०, अधिक ३५, अधिक २०, मिळून ९०५ रुपये. शेअर जेथून निघाला तेथेंच पोंचला. कांहींच न करणाऱ्या शेजाऱ्याचा एक पैसाही गेला नाहीं. आणि दोन वेळां "भाडें" घेणाऱ्याचे शेअरमागें ९५ रुपये, म्हणजे एकूण ४७,५०० रुपये कमी झाले. उतरतांना सारा उतार सोसला, चढतांना अर्धाही चढ मिळाला नाहीं. झोके खाणाऱ्या बाजारांत विकलेली तेजी असा दोन्ही अंगांनीं मार देते. खालीं आल्यावर, मूळ खरेदीच्या किंवा मनांतल्या भावापेक्षां कमी भावाची तेजी विकणें, हा या फसगतीचा दरवाजा आहे.

मग हा सौदा त्याज्यच समजावा काय? तसें नाहीं. त्याला योग्य जागा आहे, आणि ती एका प्रश्नावरून ओळखतां येते: ठरल्या भावानें शेअर गेला, तर मालकाला आनंद होईल कीं पश्चात्ताप? ज्याला आपल्याजवळचे कांहीं शेअर तसेही विकावयाचे आहेत, ज्यानें १,०५० हा आपला विक्रीचा भाव मनाशीं आधींच ठरविला आहे, त्यानें त्या भावाची तेजी विकणें शहाणपणाचें आहे. भाव आला तर शेअर जातो, तो जावयाचाच होता, आणि वर वीस रुपये मिळाले. भाव आला नाहीं तर वाट पाहण्याचा मोबदला मिळाला. बाजार फारसा हलत नाहीं, किंवा मंदगतीनें चढतो, अशा काळांत ही रीत फळते. शिकागोच्या ऑप्शन बाजारानें २००२ सालीं असा एक निर्देशांक सुरू केला, ज्यांत अमेरिकेंतील ५०० मोठ्या कंपन्यांचे शेअर ठेवून दर महिन्यास त्यांवर तेजी विकली असें धरलेलें असतें. त्याचा अनुभव वरील गणिताशीं जुळतो: त्याचे हेलकावे मूळ निर्देशांकाहून कमी, पण जोरदार तेजीच्या वर्षांत तो मागें पडतो.

याच्या उलट, नातीच्या शिक्षणासाठीं ठेवलेले शेअर, वडिलांनीं घेऊन दिलेले आणि पिढीला पुरावे असे वाटणारे शेअर, किंवा ज्यांच्या दीर्घ वाढीवरच घराची भिस्त आहे असे शेअर, हे या सौद्यांत आणूं नयेत. थोड्याशा चांगल्या कंपन्यांची मोजक्या दिवसांतील मोठी वाढ हीच पुष्कळदां उभ्या आयुष्याची कमाई ठरते; महिन्यामहिन्याच्या प्रीमियमसाठीं नेमके तेच दिवस विकले जाण्याचा संभव असतो. आणि ज्याला घसरणीची खरी भीति वाटते, त्याला तेजी विकून संरक्षण मिळत नाहीं. त्यानें शेअर कमी करावे, किंवा पैसे मोजून मंदीचा हक्क विकत घ्यावा. विम्याची गरज असलेल्या माणसानेंच विमेवाला होऊन बसणें, ही उलटी गंगा होय.

व्यवहाराच्याही कांहीं गोष्टी आधीं समजून घ्याव्या लागतात. हिंदुस्थानांत ऑप्शनचे सौदे मोजक्याच कंपन्यांच्या शेअरांवर होतात आणि तेहि ठराविक संख्येच्या गठ्ठ्यांत. ही संख्या कंपनीगणिक वेगळी असून वेळोवेळीं बदलते. ज्याच्याजवळ चाळीस-पन्नास शेअर आहेत, त्याला गठ्ठा पुरा होत नसल्यानें हा सौदा बहुधा करतांच येत नाहीं; आणि उरलेल्या शेअरांवाचून गठ्ठ्याची तेजी विकली, तर तेवढा भाग उघड्यावर पडतो. शेअर खात्यांत आहेत एवढ्यानें भागत नाहीं. अनामत ठेवावी लागते. शेअर तारण ठेवतां येतात, पण त्यांच्या पूर्ण किंमतीइतकी पत मिळत नाहीं, आणि बाजार खवळला म्हणजे अनामतीची मागणी वाढते. पूर्वीं या सौद्यांचा निकाल फरकाची रोकड देऊन होत असे. २०१८ पासून टप्प्याटप्प्यानें ही पद्धत बदलून ऑक्टोबर २०१९ पासून सर्वच शेअरांच्या बाबतींत प्रत्यक्ष शेअर देण्याघेण्यानें निकाल होऊं लागला. तेव्हां वडिलोपार्जित शेअर खरोखरीच हातांतून जाऊं शकतो, हें आधीं ध्यानीं असावें. आयकरांतही भेद आहे: शेअर विकून झालेला नफा हा सामान्य भागधारकाच्या बाबतींत भांडवली नफा, तर ऑप्शनच्या सौद्यांचा नफातोटा धंद्याचा समजला जातो, त्याचा हिशेब निराळा ठेवावा लागतो.

कंपनीचे निकाल, अंदाजपत्रक, निवडणुका अशा प्रसंगांच्या तोंडावर प्रीमियम फुगलेला दिसतो. तो फुगण्याचें कारण त्या तारखेंतच असतें, हें ओळखून मोहाला आवर घालावा. विकलेली तेजी मुदतीपूर्वीं परत विकत घेऊन सौद्यांतून सुटतां येतें. पण भाव चढल्यावर ती सुटका मिळालेल्या प्रीमियमच्या कित्येक पट महाग पडते. दर महिन्यास तोटा पुढच्या महिन्यावर ढकलीत गेल्यानें तो नाहींसा होत नाहीं. सेबीनें सप्टेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरांच्या वायदे व ऑप्शन बाजारांत उतरलेल्या व्यक्तींपैकीं शेंकडा ९३ जणांस तोटा झाल्याचें दिसून आलें. हा आंकडा सर्व प्रकारच्या सौद्यांचा आहे, केवळ हातच्या मालावरील तेजीचा नव्हे. तरी ज्या बाजारांत घरगुती भागधारक पाऊल टाकणार, त्या बाजाराची ओळख त्यावरून पटते.

दादरच्या गृहस्थांनीं मग काय करावें? त्यांच्या पांचशें शेअरांपैकीं नातीच्या शिक्षणाला लागणारी रक्कम दोनच वर्षांनीं हवी आहे. इतक्या जवळच्या गरजेचा पैसा एकाच कंपनीच्या भावावर टांगून ठेवणें हाच मुळांत धोका आहे. तेजी विकल्यानें तो टळत नाहीं, केवळ थोडा झांकला जातो. लागणारी रक्कम बँकेंत किंवा तत्सम सुरक्षित ठिकाणीं हलवावी, आणि उरलेल्या शेअरांविषयीं विचार करावा. ते अमुक भावानें द्यावयाचेच असतील आणि गठ्ठा पुरा होत असेल, तर तेजी विकावी. ठेवावयाचे असतील, तर त्यांच्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क चढूं देऊं नये. प्रीमियमची रक्कम पदरांत घेण्यापूर्वीं, तिच्या बदल्यांत काय दिलें हें ज्याला एका वाक्यांत सांगतां येतें, त्याला हा सौदा करण्यास हरकत नाहीं. ज्याला तें सांगतां येत नाहीं, त्यानें आपले शेअर जसे आहेत तसे ठेवून त्या संध्याकाळीं बाजारभाव पाहूंच नये.